लुडविग माइडनर: भाकिताचं कौतुक, कागदाकडे पाठ

जगात कुठे युद्ध पेटलं, शहरांवर बॉम्ब पडायला लागले, की एक चित्र हमखास फिरायला लागतं. काळंनिळं आकाश, त्यात धूमकेतूसारखे ओरखडे, खाली एकमेकांवर कलंडणारी घरं, आगीचे लोळ आणि पळणारी चिमुकली माणसं. सोबत एक ओळ असते: जर्मन चित्रकार लुडविग माइडनर, 1913, पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच त्याला ते दिसलं होतं. मग चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक बाजू म्हणते, खरा कलावंत द्रष्टाच असतो. दुसरी म्हणते, तो निव्वळ योगायोग, आणि माइडनरचं नाव टिकलं ते नाझींनी छळलेला ज्यू आणि इंग्लंडमधला निर्वासित म्हणून, चित्रांच्या जोरावर नाही. पहिली बाजू त्याला भविष्यवेत्ता करते, दुसरी बळी करते. चित्रात नेमकं काय आहे, ते कशावर काढलंय, कसं काढलंय, हे विचारायची गरज दोघांनाही वाटत नाही.

माझं म्हणणं आधीच मांडतो. माइडनरच्या 1912 ते 1916 या काळातल्या चित्रांना भाकीत ठरवणं चुकीचं आहे, आणि छळ झाला म्हणून त्याला मोठं मानणं किंवा सहानुभूतीचा धनी म्हणून बाजूला सारणं हेही तितकंच चुकीचं आहे. या दोन्ही चुकांची किंमत त्याच्या आयुष्यातला एकच कालखंड मोजतो: 1939 ते 1953, लंडनमधली निर्वासित वर्षं. जे अजून घडलं नव्हतं ते त्याने रंगवलं, त्याला आपण दिव्यदृष्टी म्हणतो. जे त्याच क्षणी घडत होतं, त्याच्या स्वतःच्या लोकांवर घडत होतं, ते त्याने कागदावर काढलं, त्याला आपण उतरती कळा म्हणतो. हा हिशेब नीट तपासायला हवा.

पार्श्वभूमी थोडक्यात. माइडनरचा जन्म 18 एप्रिल 1884चा, सायलेशियातल्या बेर्नश्टाट या गावचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव बिएरुतुव. घर ज्यू, व्यवसाय कापडाचा. त्याला आधी गवंडीकामाच्या उमेदवारीला लावलं, मग ब्रेस्लाऊच्या कलाशाळेत दोन वर्षं. 1905मध्ये बर्लिन, तिथे फॅशनची रेखाटनं काढून पोट भरणं. 1906-07मध्ये पॅरिस, तिथे चित्रकार मोदिल्यानीशी दोस्ती. परत बर्लिन, परत उपासमार. 1912मध्ये याकोप श्टाइनहार्ट आणि रिखार्ड यान्टुर यांच्यासोबत ‘दी पाथेटिकर’ नावाचा गट काढला आणि हेरवार्ट वाल्डनच्या ‘श्टुर्म’ दालनात प्रदर्शन भरवलं. ज्यांना आज ‘प्रलयदृश्यं’ म्हणतात ती चित्रं याच सुमाराला सुरू झाली.

आता भाकीतवाल्यांचं म्हणणं त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात घेऊ. 1911मध्ये मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते. 1912च्या ऑक्टोबरमध्ये बाल्कन युद्ध पेटलं. त्याआधी 1908मध्ये मेसिनाचा भूकंप, 1910मध्ये हॅलेचा धूमकेतू, 1912च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक. बर्लिनच्या तरुण कवींमध्ये जगबुडीची भाषा रुळली होती. माइडनर ज्याच्यासोबत रात्ररात्र बर्लिनचे रस्ते पालथे घालायचा त्या याकोप फान होडिसची ‘जगाचा अंत’ ही कविता 1911चीच. शिवाय माइडनरचा स्वभाव. तो उपवास, प्रार्थना, उन्माद यांत रमणारा माणूस होता, आणि त्या चित्रांमागे काहीतरी भयंकर येतंय ही जाणीव होती असं पुढे त्यानेही सुचवलं. एवढं सगळं समोर असताना त्या चित्रांत फक्त रंगांचा खेळ आहे असं कोण म्हणेल? हवेत भीती होती आणि ती कॅनव्हासवर उतरली, हे मान्यच केलं पाहिजे.

पण भीती टिपणं आणि भविष्य दिसणं यांत अंतर आहे. हे अंतर दाखवणारा सगळ्यात चांगला साक्षीदार खुद्द माइडनर. 1914मध्ये ‘कुन्स्ट उंड क्युन्स्टलर’ या मासिकात त्याचा एक लेख आला: महानगराची चित्रं कशी रंगवावीत याच्या सूचना. भाषा तापलेली, मजकूर मात्र एखाद्या कारागिराने शिकाऊ पोराला सांगावा तसा. त्याचा पहिला मुद्दा असा की इझल उचलून रस्त्याच्या गर्दीत नेऊन, डोळे किलकिले करून छटा मोजत बसण्याने शहर रंगवता येत नाही. पिसारो आणि मोने या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी पॅरिसचे रस्ते रंगवले ते ओढे आणि झाडं रंगवावीत तसे. शहराचा आवाज, वेग, काच, लोखंड त्यात आलंच नाही. मग तो तीन गोष्टी सांगतो: प्रकाश, दृष्टिबिंदू आणि सरळ रेषा.

प्रकाशाबद्दल तो म्हणतो की इम्प्रेशनिस्टांसारखा तो सगळीकडे सारखा पसरवू नका. शहरात प्रकाश तुकड्यातुकड्यांनी येतो आणि मधे जड, काळोखे ढीग उरतात, तसेच ते ठेवा. दृष्टिबिंदूचा भाग माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल लावतो. दृष्टिबिंदू चित्राच्या मध्यभागी, डावीकडे किंवा उजवीकडे घ्या, पण मध्याच्या थोडा खाली. तिथे जे आहे ते स्वच्छ आणि टोकदार काढा. त्या बिंदूपाशी उभ्या रेषा उभ्याच दिसतात. जसजसं त्या बिंदूपासून लांब जाल तसतशा रेषा कलायला लागतात. रस्त्याच्या मधोमध उभं राहून समोर पाहिलं तर टोकाची घरं ताठ दिसतात. पण आपल्या अगदी शेजारची, जी आपण अर्ध्या डोळ्याने नुसती जाणवून घेतो, ती डुलताना, कोसळताना भासतात. खरंतर समांतर असलेल्या रेषा वर झेपावतात आणि एकमेकींना छेदतात. छपरं, धुराडी, खिडक्या यांचे काळे, गोंधळलेले ढीग होतात.

हे पुन्हा वाचा आणि मग ते प्रसिद्ध ‘प्रलया’चं चित्र पाहा. घरं कोसळतायत ती तोफेच्या गोळ्याने की डोळ्याच्या कडेने? माइडनर स्वतः सांगतोय की कडेच्या नजरेत शहर असंच दिसतं आणि ते तसंच काढा. हा प्रयोग कुणालाही करता येईल: गजबजलेल्या चौकात उभं राहून नजर लांबच्या एका दिव्यावर खिळवायची आणि मान न वळवता शेजारच्या इमारतीकडे लक्ष न्यायचं. ती सरळ उभी राहत नाही. सरळ रेषेबद्दल लिहिताना तो विचारतो की आपल्या महानगरांची दृश्यं म्हणजे गणिताच्या लढायाच नाहीत का? लढाई हा शब्द त्याच्याकडे आहे, पण लढाई त्रिकोणांची, चौकोनांची आणि वर्तुळांची आहे. झुलते लोखंडी पूल, गॅसच्या टाक्या, बसगाड्यांचे किंचाळणारे रंग, टेलिफोनच्या तारा, जाहिरातींचे खांब, हे रंगवा, आपलं हेच घर आहे, असा त्याचा आग्रह आहे. शेवट आलाय असं मानणारा माणूस इतक्या हावरेपणाने वर्तमानाची यादी करतो का?

यावर एक रास्त आक्षेप येतो. लेख 1914चा, चित्रं 1912 आणि 1913ची. चित्रं आधी झाली आणि त्यांची पद्धत नंतर बेतली, असं का म्हणू नये? म्हणता येईल. चित्रकारांनी मागाहून मांडलेल्या सिद्धांतांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये हेही खरं. म्हणून लेख बाजूला ठेवू आणि चित्रांनाच विचारू. 1913चीच त्याची वानझे रेल्वे स्थानकाची शाईतली रेखाटनं घ्या, नाहीतर ‘मी आणि शहर’ हे त्याच वर्षाचं चित्र घ्या. त्यात धूमकेतू नाही, आग नाही, प्रेतं नाहीत. स्टेशनावर लोक गाडी पकडायला धावतायत एवढंच. ‘मी आणि शहर’मध्ये खालच्या कडेला चित्रकाराचं डोकं आणि त्याच्याभोवती उसळलेलं शहर. पण रेषा त्याच आहेत, तेच छेद, तीच डुलणारी घरं. ज्या व्याकरणात त्याने ‘प्रलय’ लिहिला त्याच व्याकरणात तो रोजची गर्दी लिहीत होता. म्हणजे ते व्याकरण शहराचं होतं. धूमकेतू आणि आग त्यावर त्या काळच्या भीतीने आणून ठेवली.

दुसरं असं की भाकीत जुळतच नाही. 1914 ते 1918च्या युद्धाचं रूप काय होतं? खंदक, चिखल, काटेरी तार, वायू. बर्लिन त्या युद्धात जळलं नाही. शहरं आकाशातून जाळली गेली ती पुढच्या युद्धात. हे लक्षात आणून दिलं की भाकीतवाले म्हणतात, मग त्याला दुसरं महायुद्ध दिसलं असेल. तीस वर्षं इकडेतिकडे सरकवता येणारं भाकीत कुठल्याही काळाला बसतं. आणि ते आपल्याला एक फार सोयीची सूट देतं: चित्र खरं ठरलं म्हणून ते चांगलं. उद्या 1914चं युद्ध टळलं असतं तर त्या कॅनव्हासवरचा एक तरी फटकारा वेगळा दिसला असता का?

एक भौतिक पुरावाही आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. या काळातले माइडनरचे कित्येक कॅनव्हास दोन्ही बाजूंनी रंगवलेले आहेत. सेंट लुइसच्या संग्रहालयातलं ‘जळतं शहर’ असंच. बर्लिनच्या राष्ट्रीय दालनातल्या ‘क्रांती’ या चित्राच्या पाठीवर एक प्रलयदृश्य आहे. कारण साधं: कॅनव्हासला पैसे लागतात. ज्याला आपण आज दिव्यदर्शन म्हणतो ते माइडनरने पालथं घालून भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि मागच्या बाजूवर पुढचं काम सुरू केलं. अशा चित्रांचं जतन करणाऱ्यांपुढे वेगळाच पेच असतो. एरवी कॅनव्हास फाटला किंवा ढिला पडला तर त्याच्या पाठीवर दुसरा कॅनव्हास चिकटवून त्याला आधार देतात. पाठीवरही चित्र असेल तर ते करता येत नाही, एकेक फाट धाग्याधाग्याने सांधावी लागते. मागच्या बाजूला रंगाआधीचा प्रायमरचा थर नीट दिलेला नसेल तर रंगातलं तेल थेट कापडात मुरतं आणि कापड ठिसूळ होतं. चौकटीच्या लाकडी पट्ट्या मागच्या चित्राचा काही भाग झाकतात. आणि शेवटी संग्रहालयाला ठरवावं लागतं की लोकांना कोणती बाजू दाखवायची. ती निवड झाली की माइडनर कोण होता याची निवडही नकळत होऊन जाते.

‘द्रष्टा’ या शब्दाबद्दल आणखी एक. माइडनर पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला, फ्रेंच युद्धकैद्यांच्या छावणीत दुभाषा होता, आणि त्या काळात आणि नंतर त्याने गुडघे टेकलेले, हात उंचावलेले ज्यू पैगंबर पुन्हा पुन्हा रेखाटले. म्हणून लोक म्हणतात, तो स्वतःला प्रॉफेट समजत होता. समजत असेलही. पण हिब्रू परंपरेतला तो माणूस पुढचं सांगणारा ज्योतिषी नसतो. मराठी बायबलने त्याच्यासाठी ‘संदेष्टा’ हा शब्द घेतला तो नेमका आहे. बायबलमधला संदेष्टा यिर्मया राजासमोर उभा राहून जे बोलतो ते चालू वर्तमानातल्या अन्यायाबद्दल. त्या अर्थाने माइडनरला संदेष्टा म्हणायचं तर मग 1913कडे नाही, 1943कडे बोट दाखवावं लागेल.

तिकडे जाण्याआधी दुसऱ्या बाजूचा समाचार घ्यायला हवा: छळ झाला म्हणून नाव झालं, ही बाजू. छळ झाला याबद्दल वाद नाही. 19 जुलै 1937ला म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ प्रदर्शन उघडलं. साडेसहाशेच्या आसपास कामं, 112 कलावंत. माइडनरचं स्वतःचं व्यक्तिचित्र ज्या दालनात टांगलं होतं तिथे ‘ज्यू वंशाच्या आत्म्याचं प्रकटीकरण’ अशी हेटाळणी लिहिली होती. सरकारी संग्रहांमधून त्याची 84 कामं जप्त झाली. पण याच प्रदर्शनातला एक आकडा कायम विसरला जातो: त्या 112 जणांत ज्यू होते जेमतेम सहा. आणि ज्याची सगळ्यात जास्त कामं जप्त झाली, एक हजाराहून अधिक, तो एमिल नोल्डे हा नाझी पक्षाचा सभासद आणि कडवा ज्यूद्वेष्टा होता.

छळ हा कलेचा किंवा चारित्र्याचा निकष मानला तर काय होतं ते नोल्डेच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं. 1941मध्ये त्याच्यावर व्यवसायबंदी आली. त्या काळात त्याने घरी बसून छोटी जलरंगातली चित्रं काढली, आणि युद्धानंतर त्या ‘न रंगवलेल्या चित्रां’भोवती छळलेल्या सत्पुरुषाची एक दंतकथा उभी राहिली. पश्चिम जर्मनीने ती आनंदाने स्वीकारली, कारण तिच्यात एक असा जर्मन होता जो जर्मनीतच राहून छळला गेला होता. त्याच वर्षांत माइडनर लंडनमध्ये विस्मृतीत पडला होता. नोल्डेच्या दंतकथेचं बिंग लोकांपुढे पुरतं फुटायला 2019 उजाडावं लागलं. बर्लिनच्या प्रदर्शनाने त्याची पत्रं आणि मतं मांडली, आणि जर्मन चॅन्सेलरच्या कार्यालयातून त्याची चित्रं उतरवली गेली. म्हणजे सहानुभूतीने माइडनरला मोठं केलं हा दावा इतिहासालाच मान्य नाही. सहानुभूती होती, पण ती त्याच्या वाट्याला आली नाही. शिल्पकार ओटो फ्रॉइंडलिश तर त्या सहा ज्यूंपैकी. त्याचं शिल्प नाझींनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलं आणि 1943मध्ये त्याला पोलंडमध्ये नेऊन मारलं. छळाच्या प्रमाणात कीर्ती मिळत असती तर ते नाव आज घराघरात असतं.

‘निर्वासित’ हा शब्ददेखील वाटतो तितका पक्का नाही. तो कोण लिहितो यावर त्याचा अर्थ ठरतो. 1935मध्ये माइडनर बर्लिन सोडून कोलोनला गेला आणि तिथल्या ‘यावने’ या ज्यू शाळेत चित्रकला शिकवू लागला. जर्मन सरकारच्या लेखी तो फक्त ज्यू होता. या शाळेचे मुख्याध्यापक एरिख क्लिबान्स्की यांनी सुमारे 130 मुलांना इंग्लंडला पोहोचवलं; ते स्वतः 1942मध्ये कुटुंबासह मिन्स्कजवळ मारले गेले. माइडनर पत्नी एल्झेसह 1939च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे युद्ध सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, इंग्लंडला पोहोचला. चित्रकार ऑगस्टस जॉनने त्याच्यासाठी खटपट केली होती. आणि 1940मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून काटेरी तारेआड ठेवलं. तिथे तो ज्यू नव्हता, फक्त जर्मन होता. आधी लिव्हरपूलजवळचं हायटन, मग आइल ऑफ मॅन. त्या बेटावरच्या छावण्यांत डॉक्टर, प्राध्यापक, संगीतकार आणि चित्रकार यांची इतकी गर्दी होती की व्याख्यानं आणि मैफली रोजच्या झाल्या. रंग नव्हते. कुणी विटेची भुकटी सार्डिनच्या डब्यातल्या तेलात कालवली, कुणी दिवेबंदीसाठी निळ्या रंगवलेल्या खिडक्यांच्या काचा ब्लेडने खरवडून त्यावर चित्रं काढली, चित्रकार कुर्ट श्विटर्सने जमिनीवरचं लिनोलियम उचकटून त्यावर व्यक्तिचित्रं रंगवली. माइडनर तिथे भरपूर रेखाटत होता. तिथे त्याला जेवणाची काळजी न करता काम करता येत होतं आणि त्याची भाषा बोलणारी माणसं भोवती होती.

सुटका झाल्यावर लंडन कठीण गेलं. एल्झे लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करत होती. माइडनरने मिळेल ते केलं, त्यात शवागारात रात्रपाळीची राखण होती. याच काळात, 1942 ते 1945, त्याने ‘पोलंडमधल्या ज्यूंची यातना’ ही मालिका कोळसा आणि जलरंगात केली. 17 डिसेंबर 1942ला ब्रिटिश संसदेत परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी युरोपातल्या ज्यूंच्या पद्धतशीर हत्येबद्दलचं निवेदन वाचलं आणि सभासद उठून शांत उभे राहिले. माहिती बाहेर आली होती. प्रश्न होता तिचं करायचं काय. माइडनरने ती काढली: ढकलत नेलेले घोळके, खड्डे, एकमेकांवर पडलेली शरीरं, आणि त्यांत प्रार्थनेची वस्त्रं पांघरलेले म्हातारे. स्पॅनिश चित्रकार गोयाने युद्धाच्या भीषणतेवर कोरलेल्या मालिकेतल्या एका चित्राखाली ‘हे मी पाहिलं’ असं लिहिलं. माइडनरला तसं लिहिता येत नव्हतं. तो वाचत होता, ऐकत होता आणि कल्पना करत होता. आणि ज्यांची कल्पना करत होता त्यांत त्याच्या ओळखीचे चेहरे होते. फान होडिसला 1942च्या वसंतात गाडीत भरून पोलंडला नेलं होतं. गोयाची ती मालिकासुद्धा त्याच्या मृत्यूनंतर 35 वर्षांनी, 1863मध्ये छापली गेली, हे इथे आठवतं.

या कामाविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की माइडनरने अभिव्यक्तिवादाची, म्हणजे भावनेच्या जोरावर आकार वाकवणारी, भाषा हिटलर यायच्या आधीच सोडली होती. 1920च्या दशकात तो कर्मठ ज्यू धर्माकडे वळला, आधीच्या चित्रांपासून त्याने स्वतः अंतर राखलं. त्यामुळे ‘नाझींनी एक महान चित्रकार मोडला’ हे वाक्य त्याच्याबाबतीत अर्धवट आहे. हे मान्य. दुसरा, लंडनची कामं एकसारख्या ताकदीची नाहीत. काही घाईची आहेत, काहींत आकृती व्यंगचित्राकडे घसरते, काही विनोदी वेताळी रेखाटनं तर निवड न करता उधळलेली आहेत. हेही मान्य. पण 1912 ते 1916मधलं सगळं काम समान ताकदीचं होतं का? तिथे आपण निवडून घेतो. दहा-बारा कॅनव्हास पुन्हा पुन्हा छापतो आणि उरलेल्यांकडे पाहत नाही. लंडनच्या शेकडो कागदांना मात्र आपण एकत्रित निकाल देऊन मोकळे होतो. हा न्याय एकाच मापाने व्हायला हवा.

शिवाय या निकालामागे कलेपेक्षा दिव्याचा भाग मोठा आहे. तैलचित्र दीडशे-दोनशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाशात वर्षानुवर्षं टांगून ठेवता येतं. कोळसा आणि जलरंग कागदावर असतील तर संग्रहालयं साधारण 50 लक्सच्या वर जात नाहीत. वाचायच्या टेबलावर आपण याच्या सहापट उजेड घेतो. त्यातही चित्र तीन-चार महिने दाखवून पुढची काही वर्षं अंधाऱ्या पेटीत ठेवायचं, कारण जलरंग उडाला की परत येत नाही आणि प्रकाशाने झालेली झीज साठत जाते. ब्रिटनमध्ये 1940पासून कागद रेशनवर होता. लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य उरतं, त्याने कागद पिवळा पडतो, आम्ल वाढतं, कडा तुटायला लागतात. कोळशाची भुकटी बसवण्यासाठी फवारलेली लाखही जुनी होऊन पिवळी पडते. त्यामुळे तैलरंगातला माइडनर भिंतीवर कायम असतो, पोस्टकार्डांवर असतो, पाठ्यपुस्तकात असतो. कागदावरचा माइडनर खणात असतो. शंभर जणांनी पहिला पाहिला आणि दोघांनी दुसरा, तर ‘लोकांना पहिलाच आवडतो’ हा निष्कर्ष कसा काढायचा? निर्वासित चित्रकार कागदावर काम करतो कारण कागद गुंडाळून नेता येतो, भाड्याच्या खोलीत मावतो, स्वस्त असतो. त्याला घराबाहेर काढणाऱ्यांनीच त्याचं माध्यम बदललं, आणि त्या माध्यमाचे नियम आज त्याला पुन्हा नजरेआड ठेवतात.

याचा एक धागा थेट मुंबईत येतो. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप 1947मध्ये निघाला; सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. त्या वेळी मुंबईत रुडी फॉन लायडन कलासमीक्षा लिहीत होता. तो 1933मध्येच जर्मनी सोडून आला होता. टाइम्स ऑफ इंडियात वॉल्टर लँगहॅमर कलासंचालक होता. तो स्वतः ज्यू नव्हता, पण पत्नी केटे ज्यू, म्हणून दोघांनी व्हिएन्ना सोडलं होतं. व्हिएन्नाचाच ज्यू निर्वासित एमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत होता. यावरून आपल्याकडचा वाद अजून चालतो: या युरोपियनांनी आपले चित्रकार घडवले की आपले चित्रकार स्वयंभू होते? दोन्ही बाजू लँगहॅमरला शिक्षक किंवा आश्रयदाता याच रकान्यात टाकतात. तो चित्रकार होता. त्याच्या चित्रांवर कोण बोलतं? माग्दा नाखमानचं उदाहरण याहून बोचरं. पीटर्सबर्गची ही चित्रकार, वडील ज्यू. भारतीय क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्याशी लग्न, बर्लिनमध्ये संसार, आणि तिथून 1930च्या दशकात मुंबई. 1951च्या फेब्रुवारीत तिच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काही तास असताना ती गेली. मुंबईच्या कलेच्या इतिहासात तिला किती ओळी मिळाल्या? निर्वासिताने यजमानांसाठी काय केलं एवढंच विचारायची सवय लागली की त्याने स्वतःसाठी काय काढलं ते कुणी विचारत नाही.

माइडनर 1953मध्ये जर्मनीला परतला. आधी फ्रँकफर्टच्या ज्यू वृद्धाश्रमात, 1955पासून टाउनुस भागातल्या मार्क्सहाइममध्ये, 1963पासून डार्मश्टाटमध्ये. मानसन्मान मिळाले, 14 मे 1966ला तो वारला. पण त्याच्या परतण्याने एक सोयीची गोष्ट तयार झाली: तरुणपणीची तेजस्वी चित्रं, मग अंधारयुग, मग घरवापसी आणि गौरव. मधली चौदा वर्षं जणू प्रतीक्षागृहात काढलेली. या गोष्टीत एल्झे कुठेच बसत नाही, म्हणून ती वगळली जाते.

एल्झे त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान, मूळची त्याची विद्यार्थिनी. चित्रकार केटे कोल्विट्झने तिला प्रोत्साहन दिलेलं. 1927मध्ये लग्न, 1929मध्ये मुलगा डेव्हिड. देश सोडला तेव्हा ती 37 वर्षांची होती. तिच्याकडे 1913 नव्हतं. ज्याला तिचं परिपक्व काम म्हणावं त्यातलं बहुतेक लंडनचं आहे: गडद, गप्प व्यक्तिचित्रं, स्वतःचे थकलेले चेहरे, कोळशातली मृत्यूची दृश्यं. निर्वासितपणातलं काम दुय्यम असं एकदा ठरवलं की एल्झेकडे काहीच उरत नाही. आणि तिच्या चित्रांसमोर उभं राहिल्यावर तो नियमच खोटा वाटायला लागतो. 1949मध्ये लंडनच्या बेन उरी दालनात दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. चार वर्षांनी नवरा जर्मनीला निघाला तेव्हा तिने तिथे राहायला जायचं नाकारलं. ती 1987मध्ये लंडनमध्ये वारली. दोघांची कामं आज फ्रँकफर्टच्या ज्यू संग्रहालयात एकाच संग्रहात आहेत. तिथल्या खणांतून यातनामालिकेचे कागद आणि एल्झेची कोळशाची चित्रं आळीपाळीने, एका वेळी थोडीथोडी, 50 लक्सच्या उजेडात भिंतीवर आणता येतील. शेजारी जळत्या शहराचा कॅनव्हास टांगायचा असेल तर तो खोलीच्या मधोमध दोन्ही बाजू दिसतील असा उभा करता येईल, आणि पाटीवर एवढंच लिहिलं तरी पुरे: साल, गाव, कशाने, कशावर.